अर्थसंकल्पातील कपात आणि गावातील हाताचे काम

दरवर्षी दिवाळीची सुटी संपत आली की आमच्या वसतिगृहाच्या कार्यालयाबाहेर काही पालक येऊन बसतात. सोबत मूल असते, एक पत्र्याची पेटी असते आणि कपड्यांचे बोचके असते. जूनमध्ये प्रवेशाची मुदत संपलेली आहे, हे त्यांनाही ठाऊक असते. तरीही ते विनंती करतात, "गुरुजी, मुकादमाची गाडी परवा निघणार. आम्हाला फडावर जावे लागेल. पोराला तेवढे ठेवून घ्या." आम्ही विचारतो, "गावात काम नाही का?" उत्तर बहुधा एकच असते. रोजगार हमीचे काम यंदा निघाले नाही, किंवा निघाले होते ते बंद पडले, किंवा झालेल्या कामाची मजुरी अजून खात्यावर जमा झाली नाही.

हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याच्या मुळाशी जाणे आम्हाला आवश्यक वाटू लागले. गावातील काम का थांबते? दिल्लीत व मुंबईत सादर होणाऱ्या अर्थसंकल्पाचा आणि आमच्या व्हरांड्यात बसलेल्या त्या आईबापांचा संबंध नेमका कोठे जुळतो? स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यासमोर हा विषय शक्य तितक्या सोप्या रीतीने मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कपात म्हणजे काय?

सरकारी खर्चातील कपात म्हटले की एखादी योजना बंद झाली, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात योजना क्वचितच बंद होते. कपात तीन प्रकारांनी होते, आणि तिन्ही प्रकार समजून घेतल्याशिवाय वर्तमानपत्रातील आकड्यांचा अर्थ लागत नाही.

पहिला प्रकार उघड कपातीचा. गेल्या वर्षी जेवढी रक्कम खर्ची पडली त्याहून कमी रक्कम पुढील वर्षासाठी ठेवली जाते. दुसरा प्रकार झाकलेल्या कपातीचा. रक्कम तीच ठेवली जाते, परंतु महागाई व मजुरीचे दर वाढल्यामुळे त्याच रकमेत कमी काम होते. तिसरा प्रकार विलंबाचा. रक्कम कागदावर मंजूर असते, पण ती वेळेवर खाली पोहोचत नाही. सरकारच्या हिशेबात या विलंबाला काहीच मोल नसते. ज्याची चूल आठवड्याच्या बाजारावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने मात्र तीन महिन्यांचा विलंब ही कपातच होय. रिक्त पदांचेही तसेच आहे. कृषी सहायकाचे वा तांत्रिक अधिकाऱ्याचे पद भरले नाही तर कोणतीही योजना बंद झाल्याची बातमी येत नाही. फक्त मोजमापे होत नाहीत आणि कामे रखडतात.

दुष्काळातून जन्मलेला हक्क

रोजगार हमी ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीतील आहे, याचा आपल्याला अभिमान असावयास हवा. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली आणि सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे तिचा आरंभीचा प्रयोग झाला. पुढे १९७० पासून सलग तीन वर्षे पावसाने दगा दिला. १९७२ च्या दुष्काळाची आठवण आजही आपल्या घरातील वडीलधारी मंडळी काढतात. रेशनवरचा लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून सोलवटलेले हात हे सारे त्यांच्या बोलण्यात येते. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास पोहोचली होती. एवढा भीषण दुष्काळ पडूनही गावेच्या गावे अन्नावाचून मेली नाहीत, त्यामागे या कामांचा वाटा फार मोठा होता.

या अनुभवातून महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. जो प्रौढ ग्रामीण माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते देणे शासनावर बंधनकारक झाले. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. या योजनेसाठी पैसा कोठून आणावयाचा, याचाही विचार त्याच काळात झाला. १९७५ साली राज्यात व्यवसाय कर लागू करण्यात आला तो प्रामुख्याने याच कारणासाठी. आमचे जे माजी विद्यार्थी आज शाळांत, बँकांत, कारखान्यांत किंवा शासकीय कार्यालयांत नोकरी करतात, त्यांनी आपले पगारपत्रक पाहावे. त्यात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारी महिन्यात ३०० रुपये, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये, या नावाने कापलेले दिसतील. नगरातील नोकरदाराने गावातील बेकार हाताला काम मिळावे म्हणून आपला वाटा द्यावा, हे तत्त्व त्या कपातीमागे होते. ते तत्त्व आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे.

महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार घेऊन संसदेने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम संमत केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून देशातील सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला. २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम, काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते न मिळाल्यास बेरोजगार भत्ता, हजेरीपत्रक बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी आणि त्यानंतर विलंब झाल्यास दर दिवसाला ०.०५ टक्के दराने भरपाई, अशी त्याची रचना होती. अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्राने, साहित्य व कुशल कामाच्या खर्चापैकी ७५ टक्के केंद्राने व २५ टक्के राज्याने करावा, असे ठरले. महाराष्ट्रात १०० दिवसांपलीकडील कामाची जबाबदारी राज्याने आपल्या जुन्या कायद्यान्वये स्वतःकडे ठेवली.

हक्क अमर्याद, तिजोरी मर्यादित

या कायद्याचा आत्मा "मागणी" या एका शब्दात होता. किती लोकांना काम द्यावयाचे हे सरकारने आधी ठरवावयाचे नव्हते; लोक मागतील तेवढे द्यावयाचे होते. परंतु अर्थसंकल्पात तर आकडा आधीच लिहावा लागतो. जेथे हक्क मागणीनुसार वाढू शकतो आणि तरतूद मात्र फेब्रुवारीतच ठरते, तेथे ओढाताण होणे अटळ आहे.

आता काही आकडे पाहू. २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ६१,५०० कोटी रुपये ठेवले होते. त्या वर्षी टाळेबंदी झाली, शहरांतून लोक पायी गावी परतले आणि सुधारित अंदाज १,११,५०० कोटींवर न्यावा लागला. त्या एका वर्षात देशातील साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांनी या योजनेवर काम केले. पुढील दोन वर्षी मूळ तरतूद ७३,००० कोटींची होती आणि दोन्ही वर्षी ती वाढवावी लागली. २०२२-२३ चा सुधारित अंदाज ८९,४०० कोटी होता. असे असताना २०२३-२४ साठी ६०,००० कोटी ठेवण्यात आले. आदल्या वर्षीच्या सुधारित अंदाजाच्या तुलनेत ही घट जवळजवळ एक तृतीयांश होती. त्याही वर्षी अखेरीस सुधारित अंदाज ८६,००० कोटींवर न्यावा लागला. म्हणजे गरज कमी झाली नव्हती. फक्त आरंभीचा आकडा कमी लिहिला गेला होता.

कोणी म्हणेल, शेवटी पैसे दिलेच, मग बिघडले कोठे? बिघाड वेळेत आहे. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. नव्या वर्षाच्या रकमेतून प्रथम मागील वर्षाची थकबाकी भागवावी लागते. उरलेली रक्कम पावसाळ्यापूर्वीच्या कामांत वेगाने खर्च होते आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत तिजोरी आटते. आपल्याकडील कोरडवाहू भागात रब्बीची सुगी आटोपल्यावर, म्हणजे फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत, रानात काम नसते. मजुराला कामाची सर्वाधिक गरज असते तोच काळ वर्षाचा हिशेब बंद होण्याचा असतो. शिवाय २०२५-२६ मध्ये वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत तरतुदीच्या ६० टक्क्यांहून अधिक खर्च करू नये, अशी मर्यादा केंद्राने या योजनेवर घातली. मागणीवर चालणाऱ्या योजनेला खर्चाचा असा बांध घातला की काम मागणाऱ्याला तोंडी नकार मिळू लागतो. "सध्या कामे नाहीत, पुढे बघू," हे वाक्य कोणत्याही कागदावर उमटत नाही.

झाकलेल्या कपातीचे उदाहरणही याच योजनेत सापडते. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन्ही वर्षांसाठी अर्थसंकल्पीय तरतूद ८६,००० कोटी अशीच होती. महाराष्ट्रातील मजुरीचा दर मात्र २९७ रुपयांवरून ३१२ रुपये झाला. दर वाढला हे योग्यच झाले. पण रक्कम तीच आणि दर सुमारे ५ टक्के अधिक, म्हणजे तितक्याच प्रमाणात दिवस कमी.

आणखी एक साधा हिशेब करून पाहावा. अलीकडे दरवर्षी देशातील सुमारे साडेपाच कोटी कुटुंबे या कामावर येतात. मजुरी दिवसाला केवळ २५० रुपये धरली आणि प्रत्येक कुटुंबाला कायद्याप्रमाणे १०० दिवस द्यावयाचे म्हटले, तर नुसत्या मजुरीसाठी १,३७,५०० कोटी रुपये लागतील. साहित्याचा खर्च वेगळाच. प्रत्यक्ष तरतूद यापेक्षा कितीतरी कमी राहिली. म्हणूनच कायद्यात १०० दिवस असले तरी देशात कुटुंबामागे मिळणारी सरासरी ५० दिवसांच्या आसपासच घुटमळत राहिली.

शेतीला फटका कसा बसतो?

रोजगार हमी ही मजुरांची योजना, शेतकऱ्याचा तिच्याशी काय संबंध, असा प्रश्न आमचे काही शेतकरी पालक विचारतात. संबंध फार जवळचा आहे. या योजनेतून झालेली कामे पाहा: पाझर तलाव, नालाबांध, समपातळी चर, शेततळी, सिंचन विहिरी, पाणंद रस्ते, शेताच्या बांधावरील वृक्षलागवड. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली. आंबा, काजू, चिकू, डाळिंब, सीताफळ यांच्या ज्या बागा आज कोकणापासून मराठवाड्यापर्यंत दिसतात, त्यांतील कित्येकांच्या खड्ड्यांची खोदाई याच योजनेतून झाली. केंद्रीय कायद्याच्या नियमांतही जिल्ह्यातील कामांपैकी किमान ६० टक्के खर्च जमीन, पाणी व वृक्ष यांच्याद्वारे शेतीशी थेट जोडलेल्या कामांवर व्हावा, अशी अट घालण्यात आली. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे व अल्पभूधारक यांच्या स्वतःच्या जमिनीवरील कामांना त्यात स्थान दिले गेले.

म्हणून निधी आटला की पहिला घाव अर्धवट कामावर बसतो. सिंचन विहिरीचे उदाहरण घ्या. खोदाईची मजुरी मजुराच्या खात्यावर जाते, परंतु बांधकामाचे दगड, सिमेंट, लोखंड यांचा खर्च, ज्याला आपल्याकडे "कुशल" म्हणतात, तो वेगळ्या वाटेने येतो आणि बहुधा उशिरा येतो. शेतकरी उधारीवर साहित्य आणतो, कधी सावकाराकडून रक्कम उचलतो. पावसाळ्यापूर्वी बांधकाम पूर्ण न झाल्यास कडा ढासळतात आणि गाळ भरतो. पाण्यासाठी घेतलेली विहीर अशा वेळी कर्जाचा खड्डा ठरते. पुढील वर्षी रक्कम जमा झाली तरी गेलेला हंगाम आणि भरलेले व्याज परत येत नाही.

दुसरा घाव गावाच्या बाजारावर बसतो. ३१२ रुपये दराने १०० दिवस काम मिळालेल्या कुटुंबाच्या हाती वर्षाला ३१,२०० रुपये येतात. ५० दिवसच मिळाले तर १५,६०० रुपये. हा पैसा बँकेत साठून राहत नाही. तो किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, शिंप्याकडे, वह्यापुस्तकांत आणि स्वतःच्या दोन एकरांसाठी घेतलेल्या बियाण्यांत खर्च होतो. भूमिहीन मजूर आणि अल्पभूधारक शेतकरी ही आपल्याकडे पुष्कळदा एकच व्यक्ती असते. मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या हाती मजुरी आली तर जूनमध्ये बियाण्यासाठी कर्ज काढावे लागत नाही.

तिसरा घाव सर्वांत खोल आहे, आणि तो आम्ही आमच्या वर्गांत पाहतो. गावात काम नसले की उचल घ्यावी लागते. ऊसतोडणीची उचल ही मजुरी नव्हे, ते आगाऊ घेतलेले कर्ज असते आणि ते नवराबायकोच्या श्रमाने, म्हणजे एका कोयत्याने, फेडावयाचे असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कुटुंब फडावर असते. मागे आजीआजोबा असले तर मूल गावात राहते, नसले तर ते पाचटाच्या खोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते. शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव राहते, पण दुसऱ्या सत्राची जागा रिकामी असते. मुलींच्या बाबतीत हे अधिक घडते. वयात आलेल्या मुलीला कोठे ठेवावे या चिंतेतून तिचे लग्न लवकर उरकले जाते. आमच्या वसतिगृहात जागा मिळाली तर एक मूल वाचते. परंतु आमच्या खाटा मोजक्या आहेत, आणि सगळ्या गावांचा भार वसतिगृहांनी उचलावा हे शक्यही नाही व योग्यही नाही. मुलाने आपल्या आईबापांजवळ राहून शिकावे, ही खरी इष्ट स्थिती होय.

स्त्रियांच्या दृष्टीनेही हा प्रश्न वेगळा आहे. देशभरात या योजनेवरील कामाच्या एकूण दिवसांत निम्म्याहून अधिक वाटा स्त्रियांचा राहिला आहे. कारण काम घरापासून जवळ, पाच किलोमीटरच्या आत असते आणि दर स्त्रीपुरुषांना समान असतो. खाजगी शेतीत आजही बाईची मजुरी गड्याहून कमी असते. रोजगार हमीचे काम सुरू असले की शेतातील दरही थोडा वर सरकतो, आणि काम बंद झाले की बाईची बोलणी करण्याची शक्तीच संपते.

दुसरी बाजू

कपात करणाऱ्या सरकारांचीही काही कारणे असतात आणि ती प्रामाणिकपणे पाहिली पाहिजेत. सरकार मिळकतीपेक्षा जेवढा अधिक खर्च करते, ती तूट कर्जाने भरावी लागते. २०२०-२१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९.२ टक्क्यांवर गेली होती. ती २०२५-२६ पर्यंत ४.५ टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट होते. कर्ज वाढले की व्याज वाढते, आणि व्याजात गेलेला पैसा विहिरीला वा शाळेला मिळत नाही. ही काळजी खोटी नाही.

योजनेतील दोषही खरे आहेत. बोगस हजेऱ्या, कागदावरचे बंधारे, यंत्राने काम करून मजुरांच्या नावे उचललेली रक्कम हे सर्व आपण आपल्या गावांतही ऐकले आहे. परंतु विहिरीत गाळ साचला तर विहीर उपसावयाची असते, बुजवावयाची नसते. दोषासाठी तपासणी हवी, सामाजिक अंकेक्षण हवे. ते दर सहा महिन्यांनी व्हावे अशी कायद्यातच तरतूद होती. तपासणीवरचा खर्च वाचवून एकूण तरतूद कमी केल्याने चोर थांबत नाही. प्रामाणिक मजूर मात्र उपाशी राहतो.

रोजगार हमीमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत, ही तक्रार शेतकरी पालकांकडून आम्ही नेहमी ऐकतो. पेरणी व काढणीच्या ऐन दिवसांत तिच्यात तथ्य आहे. तथापि एक गोष्ट तपासून पाहावी. जो मजूर उचल घेऊन सहा महिने परजिल्ह्यात वा परराज्यात गेला, तो आपल्या ज्वारीच्या काढणीला उपलब्ध असतो काय? गावातल्या गावात आधार मिळालेला मजूर गावातच टिकतो. मजूर टंचाईचे एक मोठे कारण स्थलांतर हेच आहे, आणि रोजगार हमीचे काम स्थलांतर रोखणारे आहे.

नवा कायदा, नवे प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या अधिनियमाच्या जागी "विकसित भारत: रोजगार व आजीविका हमी अभियान (ग्रामीण)" हा नवा कायदा संमत केला. त्यात दिवसांची हमी १०० वरून १२५ करण्यात आली आहे. पेरणी व काढणीच्या काळात वर्षातून एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के अशी आहे. केंद्र निकषांनुसार प्रत्येक राज्याची वार्षिक रक्कम ठरवील आणि त्यावरील खर्च राज्याने सोसावयाचा आहे.

दिवस वाढले ही बाब स्वागतार्ह आहे. परंतु हिशेब पाहू. ३१२ रुपये दराने १२५ दिवसांची मजुरी ३९,००० रुपये होते. त्याचे ४० टक्के म्हणजे १५,६०० रुपये आता एका कुटुंबामागे राज्याला द्यावे लागतील. पूर्वी १०० दिवसांपर्यंतच्या अकुशल मजुरीत राज्याचा वाटा नव्हता. राज्याच्या तिजोरीवर ताण आला की काम मागणाऱ्यांची नोंदच कमी करण्याचा मोह यंत्रणेला होणार नाही काय? मागेल त्याला काम या तत्त्वाची जागा ठरलेल्या रकमेपुरते काम हे तत्त्व घेणार नाही काय? १२५ दिवसांचे वचन किती खरे ठरते, हे कायद्याच्या शब्दांपेक्षा राज्याच्या अर्थसंकल्पातील रकमेवर अवलंबून राहील. यापुढे आपले लक्ष केवळ दिल्लीकडे नको. मुंबईतील अर्थसंकल्पी अधिवेशनाकडेही हवे.

केंद्र व प्रांत यांत महसूल कोणाचा आणि भार कोणाचा, हा प्रश्न नवा नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावर ग्रंथ लिहिला आणि तो १९२५ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या शासनाकडे किती पैसा जातो यावर लोकांचे हित अवलंबून असते, हे ध्यानी घेऊन त्यांनी तरुणपणीच या रुक्ष वाटणाऱ्या विषयाचा अभ्यास केला. त्याआधी १९१८ साली भारतातील लहान शेतधारणांवर लिहिताना त्यांनी शेतीवर अवलंबून असलेल्या अतिरिक्त, कामाविना बसलेल्या मनुष्यबळाकडे लक्ष वेधले होते. जमिनीच्या तुकड्यांचे आकार बदलून हा प्रश्न सुटणार नाही, या हातांना शेतीबाहेर उत्पादक काम मिळाले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. त्याहून फार प्राचीन काळी, दीघनिकायातील कूटदंत सुत्तात, चोरलुटारूंनी त्रस्त झालेल्या राजाला त्याचा पुरोहित सल्ला देतो की दंडाने हा उपद्रव शमणार नाही; शेती करणाऱ्याला बीज, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवा करणाऱ्याला वेतन द्यावे. राज्याच्या कोशाचा उपयोग कशासाठी, याचे ते उत्तर आजही विचार करण्याजोगे आहे.

आपण काय करू शकतो?

अर्थसंकल्प आपल्या हाती नाही, हे खरे. पण मागणी आपल्या हाती आहे. काम तोंडी मागितले तर त्याची नोंद होत नाही आणि नोंद नसलेली मागणी सरकारच्या लेखी अस्तित्वातच नसते. नंतर तोच आकडा दाखवून "मागणी घटली" असे म्हटले जाते आणि पुढील वर्षाची तरतूद कमी होते. आजवर नमुना ४ भरून ग्रामपंचायतीत देणे आणि तारखेची पोच घेणे हाच त्यावरील उपाय होता. कायद्याचे नाव व नमुन्याचा क्रमांक बदलला तरी लेखी मागणी व तारखेची पोच यांचे महत्त्व बदलणार नाही. बेरोजगार भत्त्याचा हक्कही त्या पोचेवरच उभा असतो.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना आमची नम्र विनंती आहे. आपण लिहितावाचता आहात, कार्यालयांची भाषा आपल्याला कळते, मोबाईलवर जॉब कार्डाची व मजुरीची नोंद पाहता येते हे आपल्याला ठाऊक आहे. सुटीत गावी गेल्यावर आपल्या वस्तीतील दहा कुटुंबांचे मागणी अर्ज भरून द्यावेत. पुढील वर्षाच्या कामांची यादी ज्या ग्रामसभेत ठरते तिला आवर्जून हजर राहावे आणि आपल्या वस्तीची विहीर, आपला नाला, आपला पाणंद रस्ता त्या यादीत आहे की नाही हे पाहावे. अंकेक्षणाच्या दिवशी हजेरीपत्रक वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. पालकांनी जॉब कार्ड दुसऱ्या कोणाकडे न ठेवता स्वतःच्या घरी ठेवावे आणि त्यावरील नोंदी मुलाकडून वाचून घ्याव्यात. सातवीतील मूल हे काम सहज करू शकते, आणि ते करताना त्याला गणिताइतकाच नागरिकशास्त्राचाही धडा मिळतो.

आणि ज्यांच्या पगारातून दरमहा २०० रुपये कापले जातात त्यांनी ते कोठे जातात हे विचारण्याचा आपला अधिकार विसरू नये. तो पैसा आपल्या मागे गावात राहिलेल्या भावंडांसाठी म्हणून एके काळी मागितला गेला होता.

पुढील दिवाळीनंतरही आमच्या व्हरांड्यात काही पालक येतील. शक्य तेवढ्या मुलांना आम्ही ठेवून घेऊ. ते आमचे कर्तव्यच आहे. परंतु ज्या वर्षी मुकादमाची गाडी रिकामी परत जाईल, आईबाप गावातच कामावर असतील आणि मूल केवळ शिकण्याच्या ओढीने आमच्या दारी येईल, ते वर्ष आम्हाला या संस्थेच्या वाटचालीतील खऱ्या आनंदाचे वर्ष वाटेल.